वळणांतून बाहेर पडणारी गाडी

श्रोतेहो, शर्यतीच्या मोटारीविषयीं बोलण्यासाठीं एका निवृत्त शाळामास्तरास पाचारण व्हावें, याचें आपणांस जितकें नवल वाटत असेल तितकेंच मलाहि वाटलें होतें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. अंबरनाथच्या एका प्राथमिक शाळेंत इतिहास आणि गणित शिकविण्यांत सारी उमर गेली, बिऱ्हाड बदलापुरास. मोटार मला चालवितांहि येत नाहीं. परंतु कांहीं वर्षांमागें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला एक प्रश्न विचारला, आणि त्याच्या उत्तरापायीं मीं जो इतिहास वाचला तो आमच्या शाळेच्या पुस्तकांत कोठेंच नव्हता. तोच आज सांगावयाचा आहे.

हा मुलगा त्या वेळीं अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याच्या महाविद्यालयांतील मुलें 'बाहा' नांवाच्या स्पर्धेसाठीं मातीवर धांवणारी एक लहानशी एकासनी गाडी बांधीत होतीं. ही स्पर्धा १९७६ सालीं अमेरिकेंतील साउथ कॅरोलायना विद्यापीठांत प्रथम भरली. आपल्या देशांत ती २००७ पासून होऊं लागली आणि आरंभीं इंदूरजवळ पीथमपूर येथें भरे. त्या वेळीं तिचा मुख्य नियम मोठा मौजेचा होता. सर्व संघांनीं एकाच कारखान्याचें, सुमारें दहा अश्वशक्तीचें, एकाच जातीचें इंजिन वापरावयाचें, आणि शेवटीं खड्डे, उंचवटे, चिखल व वळणें यांनीं भरलेल्या मातीच्या वाटेवर चार तास गाडी पळवावयाची. म्हणजे जोर सर्वांचा सारखा. फरक पडावयाचा तो इतरत्र.

आदल्या वर्षीं यांची गाडी फार मागें राहिली होती. मुलाच्या वडिलांचें उल्हासनगरांत, पांच नंबरच्या कॅम्पांत, ट्रकांचे पाटे बसविण्याचें छोटें गॅरेज आहे. पाटे म्हणजे चाकांवरच्या पोलादी कमानी. या गाडीच्या वर्गणीसाठीं त्यांनीं मुलाला दोनदां पैसे दिले होते. तिसऱ्यांदां मिळणार नाहींत हें दोघांनाहि न बोलतां ठाऊक होतें. अशा मनःस्थितींत तो मजकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, इंजिन सगळ्यांचं एकच. आमची गाडी वळणांत शिरते ठीक. पण बाहेर पडतांना नाक बाहेर काढते, ॲक्सिलरेटर सोडावा लागतो. तेवढ्यांत दुसरे निघून जातात. हें असं कां होतं?"

मला यंत्र कळत नव्हतें, पण गणित कळत होतें. मीं पाटीवर मांडून पाहिलें. दोन गाड्या घ्या. दोघींचा वेग दर सेकंदाला दोन मीटरनीं वाढतो, म्हणजे जोर अगदीं सारखा. वळणांतून बाहेर पडतांना एकीचा वेग सेकंदाला दहा मीटर आणि दुसरीचा नऊ. पुढें शंभर मीटर सरळ वाट आहे. पहिली गाडी त्या वाटेच्या टोकाला पोहोंचते त्या क्षणीं दुसरी सहा मीटर मागें असते! एका वळणाला सहा मीटर. मग चार तासांत वळणें किती, याचा हिशेब श्रोत्यांनींच करावा. वळणांत शिरतांना जो धीट असतो त्याला टाळ्या मिळतात; पण नफा होतो तो वळणांतून नीट बाहेर पडणाऱ्याला.

आतां हा नफा कशानें मिळतो? वेगाचा इतिहास लिहिणाऱ्या मंडळींनीं बहुधा इंजिनांचाच इतिहास लिहिला आहे. वाफ, पेट्रोल, अश्वशक्ति यांचे आंकडे पानोपानीं आढळतात; आंस, कमान आणि दांडी यांना तळटीपेंत जागा. माझ्या मतें ही अर्धी गोष्ट झाली. आणि उरलेली अर्धी शोधावयाला मला फार दूर जावें लागलें नाहीं. ती आमच्या कल्याण-बदलापूरच्या वाटेवरच सुरू होते.

बदलापूर हें नांव येथें घोडे बदलीत असत त्यावरून पडलें, असें आमच्याकडे सांगतात. त्याला कागदाचा आधार काय, हा वाद मी येथें उकरीत नाहीं. पण घोड्याबरोबर या वाटेवर बैलगाडी चालत होती हें निश्चित, आणि बैलगाडी ही आपल्या विषयांतली पहिली गुरु. तिला स्प्रिंग नाहीं. आंस साटीखालीं पक्का बसविलेला. परंतु तिचीं दोन्ही चाकें त्या आंसावर आपापलीं स्वतंत्र फिरतात. वळण घेतांना बाहेरच्या चाकाला अधिक वाट चालावी लागते, आंतल्याला कमी. बैलगाडींत हें आपोआप साधतें. बाहेरचें चाक जास्त फिरतें, आंतलें कमी, आणि कोणाचेंच कोणावांचून अडत नाहीं. वंगण घातलें कीं झालें.

कमान आली ती नंतर. १८०४ सालीं लंडनच्या ओबडाया इलियट यानें घोड्याच्या गाडीला लंबगोल पोलादी कमानी बसविण्याची युक्ति काढली, आणि तिचींच नातवंडें आपल्या टांग्यांखालीं आलीं. प्रवाशाच्या पाठीला सुख व्हावें एवढाच तिचा हेतु. चाक जमिनीला धरून ठेवणें हें कमानीचें खरें काम आहे, ही गोष्ट लोकांच्या ध्यानांत यावयाला आणखी शंभर वर्षें गेलीं.

१८५६ सालीं आगगाडी कल्याणहून बदलापूर-नेरळ ओलांडून खोपोलीकडे पोहोंचली. आगगाडींत प्रकार उलटा. तेथें दोन्ही चाकें आंसाला जखडलेलीं. एक जितकें फिरेल तितकेंच दुसरें फिरणार. मग वळणावर काय होतें? या ठिकाणीं मी वर्गांत एक पेला घेत असें. वरून रुंद, खालीं अरुंद असा साधा पाणी पिण्याचा पेला जमिनीवर आडवा ठेवून ढकला. तो सरळ जात नाहीं, गोल फिरतो. कारण त्याचें मोठें तोंड एका फेऱ्यांत जास्त वाट कापतें आणि लहान बूड कमी. आगगाडीच्या चाकाची कड अशीच किंचित् उतरती असते. वळणावर गाडी बाहेर सरकली कीं बाहेरचें चाक आपल्या मोठ्या घेरावर चालतें आणि आंतलें लहान घेरावर, आणि जखडलेली जोडी वळणाबरोबर वळते. हा पेला श्रोत्यांनीं कृपा करून लक्षांत ठेवावा. तो पुढें मातीच्या रिंगणांत आपल्याला पुन्हां भेटणार आहे.

नेरळहून माथेरानला जाणारी लहान गाडी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशानें आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीनें ती १९०७ सालीं सुरू झाली. दोन फुटांचा रूळ, विसांत एक असा चढ, आणि वळणें अशीं कीं डब्यांतून आपलेंच इंजिन समोर दिसावें. एवढ्या आंखूड वळणांना चाकांचा नुसता उतार पुरत नाहीं. तिच्या पहिल्या जर्मन बनावटीच्या वाफेच्या इंजिनांना सहा चाकें होतीं, म्हणजे तीन आंस. तिन्ही ताठ ठेवले तर इंजिन वळणांत अडकून बसेल. म्हणून पुढच्या व मागच्या आंसांवर एक पोकळ नळकांडें चढविलें होतें. चाकें त्या नळकांड्याला बसविलेलीं, नळकांडें मध्यभागीं आंतल्या आंसावर तोललेलें. आंतला आंस जोर देई आणि बाहेरचें नळकांडें रुळाच्या कलानें थोडें तिरपें होई. क्लीन-लिंडनर या जोडनांवानें ही योजना ओळखली जाते. जोर कोठेंहि कमी केला नाहीं. ताठपणा मात्र मोजून सोडला. पुढें डिझेल इंजिनें आलीं आणि हीं इंजिनें निवृत्त झालीं, पण मी नेरळच्या फलाटावर उभा असलों कीं माझ्या डोळ्यांपुढें तीं नळकांडींच येतात.

रुळावर निदान रूळ तरी असतो. मातीवर गाडीला धरून ठेवणारें काय? चार चाकांखालच्या चार तळव्यांएवढ्या जागा, बस्स.

ही विद्या अमेरिकेंत जन्मली याचें कारण तेथील जत्रांतून घोड्यांच्या शर्यतींसाठीं अर्ध्या मैलाचीं, मैलाचीं मातीचीं रिंगणें अगोदरच तयार होतीं. १८९६ सालीं ऱ्होड आयलंड राज्यांत अशाच एका घोड्यांच्या रिंगणावर मोटारी पळविण्यांत आल्या, आणि गंमत अशी कीं तेथें विजेवर चालणारी गाडी पहिली आली. १९०२ सालीं हेन्री फोर्डनें '९९९' या नांवाची एक राक्षसी गाडी केली. एका आगगाडीवरून हें नांव घेतलेलें. इंजिन जवळजवळ एकोणीस लिटरांचें, आणि मागें स्प्रिंग नाहीं. मागचा आंस सरळ सांगाड्याला जखडलेला! चाकांना वळणांत वेगवेगळें फिरूं देणारी दंतचक्रांची जोडणी, जिला डिफरन्शियल म्हणतात, तीहि नाहीं. वास्तविक एका फ्रेंच घड्याळजीनें ती १८२७च्या सुमारासच शोधून ठेवली होती. सुकाणूच्या जागीं एक लोखंडी दांडा. बार्नी ओल्डफील्ड नांवाच्या सायकलपटूनें ही गाडी चालविली, आणि १९०३ सालीं इंडियानापोलिसच्या जत्रेच्या मातीच्या रिंगणावर मिनिटाच्या आंत एक मैल कापला. गोल रिंगणावर असें पूर्वीं कोणीं केलें नव्हतें.

म्हणजे पाहा: बैलगाडीचीं चाकें स्वतंत्र, आगगाडीचीं जखडलेलीं, आणि शर्यतीच्या मोटारीनें बैलगाडी सोडून आगगाडीचा मार्ग धरला. तोहि रूळ नसतांना! याला अडाणीपणा म्हणावा, तर आजहि अमेरिकेंतील मातीच्या रिंगणावरच्या 'स्प्रिंट' गाड्यांची मागची दोन्ही चाकें एकाच आंसाला जखडलेलीं असतात. १९६१ पासून आयोवांतील नॉक्सव्हिल येथें त्यांची जी मोठी शर्यत भरते, तेथें आपण हें पाहूं शकाल. कारण सोपें आहे. डिफरन्शियल असलें आणि आंतलें चाक हलकें होऊन घसरूं लागलें, कीं सगळा जोर त्या घसरणाऱ्या चाकाच्या वाटेनें वाहून जातो. आंस जखडलेला असला म्हणजे एक चाक घसरलें तरी दुसरें माती धरून ढकलतेंच. मग वळण कसें घ्यावयाचें? येथें आपला पेला येतो. रिंगणांत गाड्या नेहमीं डावीकडेच वळतात. म्हणून उजवीकडचा मागचा टायर मोठ्या घेराचा घालतात, डावीकडचा लहान. गाडी स्वतःच आडवा पेला होऊन डावीकडे फिरूं पाहते. आगगाडीच्या चाकाच्या कडेंत जी गोष्ट केंसाएवढी असते, ती येथें वितीएवढी केलेली!

आतां वळणांतून बाहेर पडण्याकडे येऊं. गाडी वळतांना तिचें वजन बाहेरच्या चाकांवर लोटतें आणि ॲक्सिलरेटर दाबतांच मागच्या चाकांवर येतें. टायरची एक खोड आहे. त्यावरचें वजन दुप्पट झालें तर पकड दुपटीपेक्षां कांहींशी कमीच वाढते. त्यामुळें ज्या आंसावर बाहेरच्या चाकाकडे फार वजन लोटलें जाईल, त्या आंसाची एकंदर पकड घटते. कमानी पुढें ताठ आणि मागें मऊ असतील तर पुढचा आंस आधीं हार खातो आणि गाडीचें नाक वळणाबाहेर जातें. मागें ताठ व पुढें मऊ असतील तर शेपूट बाहेर येतें. हें १९३०च्या दशकांत जनरल मोटर्समध्यें मॉरिस ओली या इंग्रज अभियंत्यानें शास्त्राला धरून मांडलें. मातीच्या रिंगणांतील कारागिरांना तें हाताला कळलेलें होतें. ओलीनें तें कागदावर आणलें. पुष्कळ विद्यांची चाल अशीच असते.

याच सुमारास, १९३१ सालीं, फर्डिनांड पोर्श यानें कमानीऐवजीं पिळणाऱ्या पोलादी दांड्याचें पेटंट घेतलें. ओलें धोतर पिळतांना जसा पीळ उलट जोर करतो तसा तो दांडा चाकाला खालीं रेटतो. रिंगणवाल्यांना तो फार मानवला. कारण एक दांडा ओढून काढावा, दुसरा जाड किंवा बारीक घालावा, कीं गाडीचा स्वभाव बदलला. आणि किती थोडक्या फरकानें! दांड्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घातानें वाढतो. जाडी एक दशांश वाढविली कीं ताठपणा जवळजवळ दीडपट होतो. माती सकाळीं पाणी मारलेली, चिकट असते. दुपारपर्यंत तिची साय निघून ती फरशीसारखी गुळगुळीत होते. चिकट मातींत गाडी ताठ चालते. घसरड्या मातींत मागची बाजू मऊ करतात, दोन्ही टायरांच्या घेरांतला फरक कमी करतात आणि आंतल्या मागच्या चाकावर वजन वाढवितात, म्हणजे बाहेर पडतांना दोन्ही चाकें माती धरून ढकलतील. मात्र मागें फारच मऊ केलें तर गाडी बूड टेकून बसते, पुढचीं चाकें हलकीं होतात आणि सुकाणूचें ऐकत नाहींत.

एवढें वाचून झाल्यावर मी मोठ्या आत्मविश्वासानें माझ्या विद्यार्थ्याला सांगितलें, "मागच्या स्प्रिंगा मऊ करा." त्यानेंहि तेंच कोठें तरी वाचलें होतें, त्यानें त्या अगोदरच मऊ केल्या होत्या, आणि माझ्या सांगण्यावरून आणखी केल्या.

एका रविवारीं बदलापूरजवळच्या एका मोकळ्या मुरमाड पडीत जागेंत त्यांनीं गाडी आणली. विटा मांडून उजवीं-डावीं वळणें आंखलीं. मुलाचे वडीलहि आले होते. दूर उभे होते. गाडी सुरू झाली, वळणांत शिरली, आणि बाहेर पडतांना पूर्वींपेक्षां जास्तच नाक काढून विटांवर गेली. मुलें गप्प झालीं. मुलगा मजकडे पाहीना, आणि मला तें बरेंच वाटलें.

त्याचे वडील मात्र पुढें आले, उकिडवे बसले आणि मुरमांतल्या चाकोऱ्या पाहूं लागले. बोट दाखवून म्हणाले, "गुरुजी, हें आतलं मागचं चाक बघा, कसं खोल रुतून सरळ ढकलतंय. आणि पुढची दोन्ही आडवी खरवडत चाललीत. रिकामा ट्रक असतो ना, त्याला मागं एक पाटा वाढवला कीं वळणावर बूड टाकतो. हिला थोडं तसं पायजे."

तेव्हां माझ्या डोक्यांत प्रकाश पडला. मीं वाचलेली विद्या एकाच बाजूस वळणाऱ्या गाडीची होती. यांच्या गाडीचा मागचा आंसहि जखडलेलाच होता, पण तिला उजवीकडेहि वळावयाचें आणि डावीकडेहि. म्हणून दोन्ही टायर सारखे, म्हणजे पेला नाहीं, नुसती लाटी. लाटी सरळच जाणार. तिला वळवावयाचें तर वळणाच्या मध्यावर आंतलें मागचें चाक हलकें व्हावयास हवें, म्हणजे तें ढकलण्याचें सोडील. आणि सुकाणू सरळ होतां होतां तें पुन्हां जमिनीवर यावयास हवें, म्हणजे बाहेर पडतांना दोघेंहि ढकलतील. त्यासाठीं मागची बाजू ताठ हवी, मऊ नव्हे. पण अति ताठहि नव्हे.

ट्रकासारखा पाटा वाढविण्याची सोय त्या गाडींत नव्हती. परंतु मागच्या दांडीवर शॉक अब्सॉर्बरचें खालचें टोक अडकविण्यासाठीं मुलांनीं एका ओळींत चार भोकें पाडून ठेवलीं होतीं. टोक जितकें चाकाजवळ, तितकी तीच स्प्रिंग चाकाला ताठ लागते. आणि तीहि पटीच्या वर्गानें. तरफेची पट एक दशांश वाढली तर ताठपणा शेंकडा एकवीस वाढतो. मीं पुन्हां पाटी मांडली, कारण या वेळेस तिचा उपयोग होता. टोक पहिल्या भोकांतून दुसऱ्यांत नेलें, फरक जाणवला. तिसऱ्यांत नेलें, आणि गाडी विटांच्या आंतून वळून, मुरूम उडवीत, पायाखालचा ॲक्सिलरेटर न सोडतां सरळ निघून गेली. अर्थात् तरुणांना तेवढ्यानें समाधान कोठलें! त्यांनीं चौथें भोंक करून पाहिलें. गाडी पहिल्याच वळणांत गिरकी घेऊन उलट दिशेला तोंड करून उभी राहिली. वडील हंसले, सबंध दिवसांत तेवढेंच.

तिसऱ्या भोकावर ती गाडी स्पर्धेला गेली. चार तास पुरे झाले, त्यांत एकदां साखळी चढवावी लागली. नंबर पहिल्या कांहींत आला नाहीं. पण घड्याळ संपलें तेव्हां गाडी धांवत होती. वळणांतून बाहेर पडतांना आपण कोणाकोणाला गांठलें हें त्या मुलानें मला त्याच रात्रीं फोनवर, गाड्यांच्या क्रमांकांसह सांगितलें. मीं ते क्रमांक वहींत उतरून घेतले आहेत, कां तें मलाहि सांगतां येणार नाहीं.

गाडी पुढें मोडून तिचे भाग दुसऱ्या वर्षाच्या मुलांनीं वापरले. ती चार भोकांची दांडी मात्र उल्हासनगरच्या गॅरेजांत भिंतीला टांगलेली आहे. तिसऱ्या भोकाभोंवतीं पिवळ्या रंगाचें वर्तुळ आहे, आणि चौथ्यांत मुलाच्या वडिलांनीं एक खिळा बसवून त्याला दुकानाच्या किल्ल्या अडकविल्या आहेत.